तुकडा आणि पत्ता

बाबांच्या साठीला मी एक व्हिडिओ केला होता. जुने फोटो स्कॅन करून एकामागे एक लावलेले, जेमतेम पाच मिनिटांचा. सांगलीतला छोटा हॉल, साठ-सत्तर माणसं, भाड्याने आणलेला प्रोजेक्टर. शेवटची अडीच मिनिटं फक्त बाबा आणि ताई होते. सायकलच्या दांडीवर बसलेली ताई, गॅदरिंगमध्ये मिशा काढून शिवाजी झालेली ताई, कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाबांच्या स्कूटरवर मागे बसलेली ताई. आणि मागे एक इटालियन गाणं.

गाणं होतं 'ओ मिओ बाब्बीनो कारो'. मला ते एका रीलमध्ये सापडलं होतं. रात्री दोन वाजता रिलीज चालू होतं, स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायची वाट बघत मी फोन चाळत होतो. एक बाई काळ्या पोशाखात उभी राहून गात होती आणि माझा अंगठा थांबला. शब्द एकही कळला नाही. नावाचा अर्थ शोधला तर साधारण 'माझे लाडके बाबा' असा निघाला. कमेंटमध्ये लोकांनी आपापल्या वडिलांच्या आठवणी लिहिल्या होत्या. एवढ्यावर मी ठरवलं की हे मुलीने बापासाठी म्हटलेलं प्रेमाचं गाणं आहे.

हॉलमध्ये निम्म्या लोकांनी डोळे पुसले. बाबांनी दुसऱ्या दिवशी ते गाणं व्हॉट्सअॅपवर मागवून घेतलं. मग ते रोज संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालताना फोन खिडकीत ठेवून तेच लावायला लागले.

साधारण आठवड्याने त्यांचा फोन आला. आमचे बाबा नाट्यसंगीतावर वाढलेले. सांगलीच्या माणसाला, विष्णुदास भाव्यांच्या गावच्या माणसाला, नाटकाबद्दल शिकवायला जाऊ नये. त्यांना मी सांगितलं होतं की हे ऑपेरातलं आहे, ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक आणि आरिया म्हणजे त्यातलं पद. त्यामुळे त्यांनी अगदी साहजिक प्रश्न विचारला, "पद कुठल्या प्रवेशातलं आहे रे? तेव्हा काय चाललेलं असतं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मुलगी बाबांचे आभार मानत असते."

"अस्सं," बाबा म्हणाले.

या 'अस्सं'मुळे हा लेख लिहितोय.

*

काही महिन्यांनी मी तो ऑपेरा सबटायटल्स लावून पूर्ण पाहिला. 'जान्नी स्किक्की', संगीत जाकोमो पुच्चिनी, पहिला प्रयोग १४ डिसेंबर १९१८, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस. जेमतेम तासाभराचं प्रहसन आहे. गोष्ट १२९९ सालच्या फ्लॉरेन्समधली. बुओझो दोनाती नावाचा श्रीमंत म्हातारा मेलाय, नातेवाईक पलंगाभोवती रडण्याचं नाटक करतायत आणि प्रत्येकाचं लक्ष मृत्युपत्राकडे. मृत्युपत्र सापडतं, तर सगळी इस्टेट मठाला! सातबाऱ्यावरून भावकीत झालेली भांडणं पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे समजायला सबटायटल्स लागणार नाहीत.

या घरातल्या रिनुच्चोचं लाउरेत्तावर प्रेम आहे. पण त्याची आत्या म्हणते, हुंडा न आणणारी पोरगी आमच्या घरात नको. लाउरेत्ताचे वडील म्हणजे जान्नी स्किक्की, डोकेबाज आणि खटपट्या माणूस. अपमान झाल्यावर तो मुलीला ओढत निघून जायला लागतो, या लोकांना मदत करणार नाही म्हणतो. त्या क्षणी लाउरेत्ता गाते. ती सांगते की मला तो आवडतो, मला त्याच्यासाठी अंगठी घ्यायला जायचंय. आणि ते होणार नसेल, तर मी पोंते वेक्योवर जाऊन आर्नो नदीत उडी घेईन.

म्हणजे मी साठीच्या कार्यक्रमात वाजवलं ते आभाराचं गाणं नव्हतं. मुलीने बापाला घातलेली धमकी होती, लाडिक आणि अतिशय गोड चालीतली. आणि ती लागू पडते. स्किक्की विरघळतो, मेलेल्या बुओझोच्या पलंगावर त्याच्या जागी झोपतो आणि वकिलाला खोटं मृत्युपत्र सांगतो. या गुन्ह्याची शिक्षा हात तोडून हद्दपारी. अडीच मिनिटांच्या त्या सुंदर सुरांच्या पाठोपाठ हे येतं.

आता आमच्या घरची गोष्ट. ताईचं लग्न सहा वर्षांपूर्वी झालं, बाबांच्या मनाविरुद्ध. दाजी वेगळ्या जातीचे. त्या काळात एका रात्री आमच्या स्वयंपाकघरात ताई जे बोलली, ते नंतर कुणी कधी उच्चारलं नाही. तिच्या वाक्यातही नदी होती. कृष्णा होती आणि आयर्विन पूल होता. बाबा उठून बाहेर गेले होते. त्यानंतर दीड वर्ष ते तिच्याशी बोलले नाहीत. आता सगळं ठीक आहे, भाचीला खेळवण्यात त्यांचा दिवस जातो. पण ते वाक्य घरात कुठेतरी आहे.

आणि मी बाबांच्या साठीला, ताई-दाजींच्या समोर, सत्तर माणसांत, तेच वाक्य इटालियनमध्ये लावलं होतं.

*

ऑपेराशी नव्या माणसाची ओळख करून देणारे जवळपास सगळेच त्याला आधी अशी कापलेली आरिया देतात. तीन-चार तासांचा, परक्या भाषेतला प्रकार कुणाच्या गळी एकदम उतरत नाही, म्हणून सोपा, गोड तुकडा पुढे करतात. मग प्रश्न असा की तुकडा देणं ही भेट आहे की फसवणूक? सौंदर्य त्याच्या जागेवरून उचलून आणलं, तर ते तेच उरतं का?

या सोप्या आरियांच्या यादीत दुसरं नाव हमखास असतं ते 'ला दोन्ना ए मोबिले'चं. नावावरून नाही आठवलं तरी चाल तुम्ही ऐकलेली आहे. जाहिरातींत, फुटबॉलच्या मैदानांवर, कार्टूनमध्ये. वेर्दीच्या 'रिगोलेत्तो'मधली ही आरिया, पहिला प्रयोग १८५१, व्हेनिस. मांतुआचा ड्यूक गातो की बायका चंचल असतात, वाऱ्यावरच्या पिसासारख्या. एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही.

ती इतकी सोपी का आहे, हे कळायला नाटकाचा शेवट बघावा लागतो. रिगोलेत्तो हा ड्यूकच्या दरबारातला कुबड असलेला विदूषक. त्याची मुलगी जिल्दा हे त्याचं सर्वस्व. दरबारी तिला पळवून ड्यूकच्या महालात आणतात, ड्यूक तिच्या खोलीत जातो, पुढचं पडद्याआड. रिगोलेत्तो ड्यूकला मारण्यासाठी पैसे देऊन मारेकरी ठरवतो. मध्यरात्री त्याला प्रेत भरलेलं पोतं मिळतं. ते नदीकडे ओढत नेताना तो विजयाने बेभान झालेला असतो. आणि तेवढ्यात दुरून, अंधारातून, तीच चाल ऐकू येते. ड्यूक मजेत गातोय. मग पोत्यात कोण?

रिगोलेत्तो पोतं फाडतो. आत जिल्दा असते, शेवटचे श्वास घेणारी. ड्यूकवरच्या प्रेमापायी ती त्याच्या जागी मरायला गेलेली असते.

आता विचार करा. त्या क्षणी रंगमंचावर कुणी काही समजावून सांगत नाही. प्रेक्षकाला फक्त चाल ऐकू येते, आणि पहिल्या दोन सुरांत ती ओळखू यावी लागते. चाल जरा जरी अवघड असती, तर हा क्षण फसला असता. म्हणजे वेर्दीने ती नवख्यांच्या सोयीसाठी सोपी केली नव्हती, तिचा सोपेपणा त्या पोत्यासाठी होता. जिने आपण ऑपेराच्या घरात सहज शिरतो, ती चाल तिथल्या सगळ्यात भयंकर क्षणासाठी बनवलेली आहे. पोतं बाहेर ठेवून ती जाहिरातीत वाजते तेव्हा ती खोटी नसते, पण अर्धी असते.

आमच्या कामात याला ओळखीचं रूप आहे. एखादं फंक्शन दिसायला सुटसुटीत असतं, दहा ओळींचं. तुम्ही ते उचलून दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये टाकता आणि काहीतरी भलतंच होतं. कारण ते आत कुठेतरी एक ग्लोबल व्हेरिएबल वाचत असतं. दहा ओळी तुम्ही आणल्या, त्या ज्याच्यावर उभ्या होत्या ते तिकडेच राहिलं. आरियाही अशीच, बाहेरून स्वतंत्र आणि आतून सगळ्या नाटकाशी जोडलेली.

*

तिसरं नाव सगळ्यात मोठं. 'नेस्सुन दोर्मा'. १९९० साली इटलीत फुटबॉलचा विश्वचषक होता, बीबीसीने आपल्या प्रक्षेपणासाठी लुचानो पावारोत्तीच्या आवाजातली ही आरिया घेतली. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, ७ जुलैला, रोमच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास एकत्र गायले. ऑर्केस्ट्रा चालवत होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. ज्यांनी आयुष्यात ऑपेरा पाहिला नव्हता अशा असंख्य लोकांसाठी तो दरवाजा ठरला. आजही ती आरिया ऐकताना, शेवटच्या त्या 'मी जिंकेन'च्या लांबलेल्या सुराला, सोफ्यावर बसल्या बसल्या आपणच काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं.

ती पुच्चिनीच्या 'तुरांदोत'मधली. राजकन्या तुरांदोतची कोडी अनोळखी राजपुत्र कालाफ सोडवतो, पण ती लग्नाला तयार नाही. तो म्हणतो, पहाटेपर्यंत माझं नाव शोधून काढ, मी मरायला तयार आहे. तेव्हा राजकन्येचा हुकूम निघतो की नाव कळेपर्यंत पेकिंगमध्ये कुणी झोपायचं नाही, नाहीतर मृत्युदंड. 'नेस्सुन दोर्मा' म्हणजे 'कुणी झोपू नये'. आरिया या हुकुमापासून सुरू होते.

संपूर्ण ऑपेराचं ध्वनिमुद्रण लावा. झुबिन मेहतांनी १९७२ साली पावारोत्तीला घेऊन केलेलं आहे, तेच लावा. शेवटच्या उंच सुराआधी मागून, लांबून, बायकांचा हळू आवाजातला कोरस येतो. पहिल्यांदा ऐकताना तो पार्श्वसंगीतासारखा वाटतो. त्या बायका म्हणत असतात की याचं नाव कुणाला कळणार नाही आणि आम्हाला मरावं लागणार. त्यांच्या या वाक्यावर कालाफची विजयाची आरोळी चढते. पुढे त्याच्यावर प्रेम करणारी दासी लिऊ, त्याचं नाव आपल्या तोंडून निघू नये म्हणून, छळ सोसून जीव देते.

आणि इथे पुच्चिनीच अडला. लिऊच्या मरणानंतर लगेच कालाफ आणि तुरांदोत यांचं प्रेम कसं जमवायचं, हे त्याला मनासारखं सुटेना. २९ नोव्हेंबर १९२४ ला तो ब्रसेल्समध्ये वारला. ऑपेरा अपुरा राहिला, शेवट फ्रांको अल्फानोने पूर्ण केला. २५ एप्रिल १९२६ ला मिलानच्या 'ला स्काला'त पहिला प्रयोग झाला, तेव्हा तोस्कानीनीने लिऊच्या मरणानंतर, पुच्चिनीचे सूर जिथे संपतात तिथे, प्रयोग थांबवला.

मला हे कळल्यापासून तो कोरस ऐकू न येणं शक्य राहिलेलं नाही. आरिया कमी सुंदर झाली का? नाही. पण आता ती ऐकताना मी फक्त जिंकत नाही. माझ्या जिंकण्याची किंमत कोण देतंय, हेही त्याच दहा सेकंदांत ऐकू येतं.

*

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात.

एक बाजू म्हणते, अर्थ कशाला हवा? 'द शॉशँक रिडेम्प्शन' तुम्ही पाहिला असेलच. त्यात अँडी तुरुंगाच्या लाउडस्पीकरवर मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न'मधलं दोन स्त्रियांचं गाणं लावतो आणि पटांगणातले कैदी जागच्या जागी थांबतात. रेड नंतर म्हणतो की त्या काय गात होत्या हे मला आजही माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. प्रत्यक्षात त्या एक चिठ्ठी लिहीत असतात, उमरावाची बायको आणि तिची दासी मिळून, बाहेरख्याली नवऱ्याला पकडण्यासाठी. कैद्यांना हे कळलं असतं तर काय मिळालं असतं? त्या दोन मिनिटांत ते मोकळे झाले, ते खरंच होतं. हा आक्षेप मला खोडता येत नाही. रीलवर माझा अंगठा थांबला तेही खरंच होतं.

दुसरी बाजू पुण्यातल्या कुठल्याही संगीत महोत्सवात चहाच्या रांगेत भेटते. तुकडे ऐकणं म्हणजे कलेचा अपमान, ऐकायचं तर पूर्ण ऐका नाहीतर ऐकू नका. या लोकांचं प्रेम खरं असतं, पण त्यांच्या दारात नवा माणूस उभा राहत नाही. शिवाय तुकडा ही काही रीलवाल्यांनी लावलेली खोड नाही. एप्रिल १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाच्या ध्वनिमुद्रकाने मिलानच्या एका हॉटेलच्या खोलीत एन्रिको करुसोची दहा गाणी मुद्रित केली. तबकडीवर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नव्हतं, म्हणून आरिया कापूनच घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी तोच गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जानचं गाणं त्याच तीन मिनिटांत बसवलं. बाबांना पाठ असलेली कितीतरी नाट्यपदं त्यांनी आधी रेडिओवर ऐकली, नाटक नंतर पाहिलं, काही तर पाहिलंच नाही. तुकडा नसता तर बहुतेकांना काहीच मिळालं नसतं.

म्हणून तुकडा देणं मला चूक वाटत नाही. चूक वेगळ्या ठिकाणी होते. बाबांनी मला पत्ता विचारला होता. पद कुठल्या प्रवेशातलं, एवढंच. 'माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर होतं. 'बघून सांगतो' हे त्याहून चांगलं. मी तिसरंच केलं, माझ्याकडे पत्ता नव्हता म्हणून खोटा लिहून दिला. का? कारण खरा अर्थ काहीही निघाला असता तर व्हिडिओचा परिणाम बिघडला असता. म्हणजे मला बाबांच्या ऐकण्यापेक्षा माझ्या निवडीची काळजी होती.

नवख्याला ओळख करून देणाऱ्याच्या हातात बरीच सत्ता असते. समोरच्याला तपासून पाहता येत नाही, भाषा येत नाही, तो आपल्यावर भरवसा ठेवतो. त्याला कमी देणं चालतं. पण कमी दिलंय हे लपवायचं नाही, आणि उरलेलं कुठे सापडेल ते सांगायचं. माझ्या मते त्याच्याशी आपलं देणं इतकंच आहे.

*

१९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी पाठवली गेली. कधी काळी ती कुणाला सापडलीच तर तो श्रोता विश्वातला सगळ्यात नवखा असेल. तिच्यावर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांच्या आसपास. आणि ऑपेरातली एक आरिया आहे, मोझार्टच्या 'जादूची बासरी'मधल्या रात्रीच्या राणीची, तीन मिनिटांहून कमी. चांदण्यांसारखे टिपटिपणारे तिचे उंच सूर हल्ली रीलवरही फिरतात. त्या सुरांत एक आई मुलीच्या हातात सुरी देऊन सांगत असते की त्या माणसाला मार, नाहीतर तू माझी मुलगी नाहीस.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. परग्रहावरच्या माणसाला आपण हे काय ऐकवतोय! पण त्या तबकडीच्या आवरणावर काय कोरलंय ते पाहिलं. तबकडी वाजवायची कशी, सुई कुठे ठेवायची, किती वेगाने फिरवायची, याच्या आकृत्या आहेत. आणि १४ पल्सार ताऱ्यांच्या आधाराने काढलेला सूर्याचा ठावठिकाणा आहे. तीन मिनिटांत केसरबाई मावत नाहीत आणि मोझार्टही मावत नाही, हे पाठवणाऱ्यांना माहीत असणारच. त्यांनी तुकडा पाठवला आणि सोबत पत्ता लिहिला.

*

दिवाळीत मी सांगलीला गेलो तेव्हा बाबांना म्हणालो, "ते पद कुठल्या प्रवेशातलं ते मी चुकीचं सांगितलं होतं. तासाभराचं नाटक आहे, बघू या का?"

टीव्हीवर लावलं. इंग्रजी सबटायटल्स त्यांना जरा भरभर जात होती, मध्ये मध्ये मी सांगत होतो. मृत्युपत्र शोधणारे नातेवाईक बघून ते खूप हसले, एका माणसाचं नावही घेतलं, ते इथे लिहीत नाही. आत्याने हुंड्याची गोष्ट काढली तेव्हा म्हणाले, "तिकडेही?" मग लाउरेत्ता पुढे आली. मी बोलायचं थांबलो. ओळी त्यांनी स्वतः वाचल्या. नदी आली, पूल आला.

बाबांनी रिमोट मागितला नाही, की उठूनही गेले नाहीत. नाटक संपेपर्यंत बसले. शेवटी स्किक्की गाणं थांबवून सरळ प्रेक्षकांकडे वळतो. या अपराधासाठी मला नरकात टाकलंय, पण तुमची करमणूक झाली असेल तर जरा सवलतीने न्याय करा, असं म्हणतो. बाबा हसले नाहीत.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या बापाला माहीत होतं का रे, ही खरंच उडी मारणार नाही म्हणून?"

"बहुतेक माहीत असावं," मी म्हणालो. "प्रहसन आहे ना."

"मला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले.

सहा वर्षांत त्या रात्रीबद्दल ते बोललेलं हे पहिलं वाक्य. मला वाटत होतं की ते रागावून बाहेर गेले होते. मी पुढे काही विचारलं नाही. आई आतून जेवायला हाक मारत होती.

ते पद बाबा अजूनही लावतात, संध्याकाळी, कुंड्यांना पाणी घालताना. परवा ताई आली होती. भाचीने विचारलं, "आजोबा, ही काय म्हणतेय?" मी ताईकडे पाहिलं, ताईने बाबांकडे.

बाबांनी नळ बंद केला. म्हणाले, "बस इथे. गोष्ट मोठी आहे."